खुर्चीतून दिसणारं झाड

हिरवं ऑफिस कसं असतं असं विचारलं की हल्ली लोक एक भिंत दाखवतात. काचेची उंच इमारत, तिच्या दर्शनी बाजूला काळ्या प्लास्टिकच्या कप्प्यांत खोचलेली रोपं, मागून फिरवलेल्या ठिबकच्या नळ्या. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांना ती हिरवाई सुखावते, यात शंका नाही. पण दिवसाचे आठ-नऊ तास त्या इमारतीत काढणारा माणूस भिंतीच्या दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइटखाली बसलेला असतो आणि त्याला त्यातलं एक पानही दिसत नाही.

मी आर्किटेक्ट आहे. राहते आंबिवलीला, काम करते कल्याणात. ‘ऑफिस निसर्गात मिसळून गेलं पाहिजे’ असं म्हणत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाड दिसायला कुणाला हवंय? ‘आत बसणाऱ्याला’ हे उत्तर एकदा मिळालं की पुढचे सगळे निर्णय बदलतात. इमारतीची रुंदी बदलते, खिडकीची उंची बदलते, पार्किंगची जागा बदलते.

हा नुसता हौसेचा भाग नाही. १९८४ साली रॉजर उल्रिक यांचा एक छोटा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांना पलंगावरून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. वॉर्ड तोच, नर्स त्याच, फरक फक्त खिडकीतल्या दृश्याचा. उलट, कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते हा समज ज्या प्रयोगातून पसरला, तो नासाचा १९८९चा प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. खिडक्या-दारं उघडमीट होणाऱ्या खोलीत चार कुंड्यांचा हवेवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. कुंड्या जरूर ठेवाव्यात, पण बाहेरच्या झाडाचं काम त्यांच्या माथी मारू नये.

सध्या माझ्या टेबलावर आंबिवलीच्याच एका जागेचा नकाशा आहे. अटाळीच्या बाजूला जेमतेम एक एकर, मागच्या अंगाला नाला. साठेक माणसांचं ऑफिस करायचंय. हिशेब आणि करसल्ल्याचं काम करणारी मंडळी आहेत. बाहेरच्यांसाठी सांगते: कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतरचं स्टेशन ते आंबिवली. जवळून उल्हास वाहते. शेजारी मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे आमची एनआरसी, तिचा भोंगा झाला की घराघरांतून माणसं बाहेर पडायची. २००९ साली ती बंद झाली आणि चालत कामाला जाणारं गाव सकाळच्या लोकलला लोंबकळू लागलं. म्हणून इथे साठ माणसांसाठी घराजवळ एक ऑफिस होतंय, हीच मला मोठी गोष्ट वाटते. दोन-दोन तास गाडीत उभं राहून गाठायच्या ऑफिसात कितीही झाडं लावली, तरी तिथे पोचेपर्यंत माणूस दमलेलाच असतो.

नकाशाआधी आम्ही खड्डा घेतला. जागेचे मालक, ज्यांना मी काका म्हणते, काठावर उभे होते. वर वीतभर काळपट, भुसभुशीत माती, तिच्यात गांडुळं आणि गवताच्या मुळांचं दाट जाळं. त्याखाली पिवळसर मुरूम, हातात घेतला तर चुरा होणारा. दोन मीटरच्या आसपास कुदळ खणखणली. काळा कातळ लागला. काकांना कातळ बघून बरं वाटलं, कारण पाया स्वस्तात होणार. मला बरं वाटलं ते वरच्या वीतभर मातीमुळे. एरवी काय होतं? पहिल्याच दिवशी जेसीबी येतो, वरची माती, मुरूम, दगड सगळं एकत्र करून भरावात घालतो, आणि काम संपल्यावर बागेसाठी ब्रासच्या भावाने लाल माती विकत आणली जाते. जागेवर फुकट असलेली, शेकडो पावसाळ्यांत तयार झालेली माती गाडून टाकायची आणि परक्या डोंगराची माती विकत घ्यायची. आमच्या कंत्राटात पहिलं कलम तेच आहे: वरची माती अलगद खरवडून एका कोपऱ्यात ढीग करायची, तिच्यावर ताग पेरायचा आणि इमारत झाल्यावर तीच परत पसरायची.

काकांकडून दुसरी माहिती मिळाली ती पाण्याची. २६ जुलै २००५ला नाल्याचं पाणी कुठवर आलं होतं, ते त्यांनी करंजाच्या बुंध्यावर हात ठेवून दाखवलं. सरकारी नकाशावरची पूररेषा बघावीच लागते, पण बुंध्यावरचा हात मला जास्त बारकावा सांगतो. सखल बाजूला भराव टाकून जमीन वर उचलायची नाही, तर तेवढा भाग खांबांवर उभा करायचा असं तिथेच ठरलं. भराव टाकला की आपल्याकडचं पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर जातं.

जागेवर एक उंबर आहे, तीन करंज आहेत आणि नाल्याकडे सुबाभळीचं रान माजलंय. झाडांचा नकाशा करताना नुसता बुंधा टिपून भागत नाही. दुपारी घेराच्या कडेकडेने चुना टाकत फिरावं लागतं, कारण अन्न शोषणारी मुळं साधारण त्या घेरापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात, तीही वरच्या हातभर थरात. त्यांच्यावर मुरूम दाबला, रोलर फिरवला, सिमेंटची पोती रचली की झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं आणि मग सगळे म्हणतात, ‘जुनंच होतं.’ राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितली. एक मीटर म्हणजे अगदीच किमान. उंबराला आम्ही सहा मीटर सोडलेत आणि बांधकाम संपेपर्यंत त्याच्याभोवती पत्र्याचं कुंपण राहील.

आता इमारत. खुर्चीतून झाड दिसायचं तर इमारत अरुंद हवी. सगळं इथे येऊन ठरतं. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोचतो. काठ २.४ मीटरवर असेल तर पाच-सहा मीटर. दोन्ही बाजूंना खिडक्या धरल्या तर इमारतीची रुंदी बारा मीटरच्या आसपास थांबायला हवी. आपल्याकडे ऑफिसं तीस-तीस मीटर रुंद बांधतात. मधली माणसं दिवसभर दिव्याखाली आणि एसीखाली बसतात. रुंदी बारा मीटरवर आणली की इमारत लांब होते, लांब झाली की ती वळवावी लागते आणि वळवली की मध्ये चौक तयार होतो. आपल्या वाड्यांना हे फार पूर्वी कळलेलं होतं. आमच्या ऑफिसचा चौक उंबराभोवती आहे, दोन बाजूंनी बांधलेला आणि नाल्याकडे उघडा.

हे करून दाखवलेलं बघायचं असेल तर पुण्याला जावं. हडपसरला सुझलॉन कंपनीचं ‘वन अर्थ’ हे मुख्यालय २००९ साली उभं राहिलं. वास्तुकार क्रिस्टोफर बेनिंगर. जन्माने अमेरिकन, पण पुण्याचेच झालेले. १९७६ला त्यांनी इथे विकास अभ्यासाची संस्था काढली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. सुमारे दहा एकरांवर दोन हजारांहून जास्त माणसांचं ऑफिस करायचं होतं. कुणीही टॉवर उभा केला असता. बेनिंगरनी इमारत बसकी ठेवली, बागा आणि पाण्याचे चौक यांच्या मधून पसरवली. काचेवर अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या लावल्या, म्हणजे ऊन अडतं आणि उजेड येतो. छतावर सौर पट्ट्या आहेत, आवारात छोट्या पवनचक्क्या आहेत, लीडचं प्लॅटिनम आणि ‘गृह’चे पाच तारे अशी हरित इमारतींची दोन्ही मानांकनं मिळाली. पण मानांकन हा त्यातला दुय्यम भाग. मला भावतो तो त्यामागचा साधा हिशेब: बहुतेकांच्या टेबलापासून खिडकी जवळ आणि खिडकीबाहेर बाग.

पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका त्याही आधीची. चार्ल्स कोरिया यांनी जयंत नारळीकरांच्या संस्थेसाठी ती रचली. बाहेरून काळ्या बसाल्टच्या भिंती, आत कुंडासारखा पायऱ्यांचा चौक, वर उघडं आकाश. खगोलशास्त्रज्ञांच्या इमारतीत मधोमध आकाश ठेवायचं, याहून नेमकं काय सुचणार? तिथल्या काळ्या दगडाबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं: तो आपल्या खड्ड्यात लागतो तोच आहे. पावसात काळाभोर होतो, उन्हाळ्यात करडा पडतो, त्याच्या फटींत शेवाळ आणि नेचे आपोआप येतात. निसर्गात मिसळण्यासाठी त्याला कुणी रोप लावून द्यावं लागत नाही. आमच्या जोत्याला खोदकामातून निघालेलाच दगड वापरायचा, हे मी तिथे बसून ठरवलं.

न्यूयॉर्कच्या फोर्ड फाउंडेशनने १९६७ साली बारा मजली ऑफिसच्या पोटात एकराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी बाग घातली. वास्तुकार केव्हिन रोश, बागेचे रचनाकार डॅन कायली. तिथे बर्फ पडतो म्हणून बागेवर काच लागली. आंबिवलीत चौकावर काच घातली तर त्याची भट्टी होईल. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की ऑफिसच्या खिडक्या बागेकडे वळवल्या होत्या.

उन्हाबद्दल मात्र परदेशी पुस्तकं आपली दिशाभूल करतात, आणि इथे मी जरा थांबणार आहे. आंबिवली १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस ते हेच. डिसेंबरात दुपारी तो दक्षिणेला ४७ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा टाकला, तर ऐन हिवाळ्यातही भर दुपारी वरची ६५ सेंटिमीटर काच सावलीत राहते. दक्षिण सोपी आहे. खरी परीक्षा पश्चिमेची. एप्रिलच्या संध्याकाळी सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना दीड मीटर उंच खिडकी झाकायला अडीच मीटरहून लांब छज्जा लागेल. तेवढा कुणी टाकत नाही. पडदे ओढतात, एसी वाढवतात आणि खिडकी असून नसल्यासारखी होते. कल्याणच्या पट्ट्यात समुद्राचा वारा पोचायला उशीर होतो, मार्च-एप्रिलात पारा ४० ओलांडतो. तेव्हा पश्चिमेला झाडच हवं.

पण कुठलं? थंड देशांतली पुस्तकं सांगतात, पानगळीचं झाड लावा. उन्हाळ्यात सावली मिळेल, हिवाळ्यात ऊन येईल. तिकडचं गणित तिकडे बरोबर आहे. आपल्याकडे पांगारा, सावर ही झाडं नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होतात, म्हणजे सावलीची निकड सुरू होते तेव्हाच ती उघडी असतात. फुलं सुरेख येतात, पोपट-मैना जमतात, पण पश्चिमेच्या खिडकीला त्यांचा उपयोग नाही. त्यांना चौकाच्या पलीकडे, बघायला म्हणून जागा द्यावी. करंज पानं टाकतो खरा, पण लगेच पोपटी पालवीने भरतो आणि एप्रिलच्या उन्हात त्याची सावली गच्च असते. बकुळ, जांभूळ, सीताअशोक बारमाही हिरवे. आमच्या जागेवरचे तीन करंज पश्चिमेलाच निघाले, त्यामुळे नकाशा त्यांना मागे धरून फिरवला. मुख्य दार रस्त्याला सरळ समोर आलं नाही, थोडं तिरकं आलं. काकांनी वास्तूबद्दल विचारलं. मी त्यांना दुपारी चार वाजता करंजाखाली खुर्ची टाकून बसवलं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

पावसाचंही असंच. इकडे वर्षाला अडीच मीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येकडून तिरका. खिडकी उघडी ठेवून पाऊस बघायचा असेल तर त्या अंगाला खोल पडवी पाहिजे. आम्ही अडीच मीटरची ठेवली आहे. जेवणाची सुट्टी, फोनवरची बोलणी, पक्षकाराची वाट बघणं, सगळं तिथे होईल. सहाशे चौरस मीटर छपरावर वर्षाला पंधरा लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं काही टाकीत, बाकीचं चौकातल्या खोलगट भागातून मुरत नाल्याकडे. जमीन फरशीने झाकली नसेल तर मुरवण्यासाठी वेगळी यंत्रणा फारशी लागत नाही.

गच्चीवर बाग करू या का, असं हमखास विचारलं जातं. करता येते, पण आधी वजन मोजावं. भिजलेली माती घनमीटरला सुमारे १८०० किलो भरते. पंधरा सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला २७० किलो. साठ सेंटिमीटर म्हणजे एक टनाहून जास्त. ऑफिसच्या मजल्यावर आपण माणसं आणि सामान मिळून साधारण २५० ते ४०० किलो धरतो. पंधरा सेंटिमीटरमध्ये गवत, तेरडा, पालेभाज्या जगतात, झाड नाही. जपानमधल्या फुकुओका शहरात एमिलिओ अँबाझ यांनी १९९५ साली एका मोठ्या इमारतीची दक्षिण बाजू पायऱ्यापायऱ्यांची केली आणि समोरचं उद्यान थेट तिच्या माथ्यापर्यंत चढवलं. आज तो डोंगरच वाटतो. पण तिथे सुरुवातीपासून तो भार धरून सांगाडा रचला होता. आपल्याकडे तयार स्लॅबवर कोबा घालून त्यावर माती ओतली जाते. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्याचं छत गळतं आणि दोष बागेला लागतो. हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज केंद्राचं हिरवं छप्परही असंच आधीपासून आखलेलं होतं. वास्तुकार करण ग्रोव्हर यांची ही इमारत अमेरिकेबाहेर लीड प्लॅटिनम मिळवणारी पहिली ठरली. तिचं सांडपाणीही वनस्पतींच्या मुळांमधून गाळून बागेलाच दिलं जातं. आमच्याकडे जमीन आहे, म्हणून गच्चीवर सौर पट्ट्याच राहतील.

नवी झाडं कुठली, यावर माझी मतं ठाम आहेत. कारखान्यांच्या कुंपणाला भराभर वाढतो म्हणून कोनोकार्पस लावायची लाट आली होती. त्याच्या परागकणांच्या आणि मुळांच्या तक्रारींमुळे गुजरातने २०२३मध्ये त्यावर बंदी घातली. सुबाभूळ तर काढावीच लागेल. त्या जागी ताम्हण, कदंब, बहावा आणि नाल्याच्या कडेला अर्जुन. पडवीलगत लिंबू आणि कढीपत्ता, कारण राणी पाकोळी, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. अळ्या पानं खातील. माळ्याला फवारा न मारण्याची सूचना आधीच लिहून दिलेली बरी. उंबराबद्दल वेगळं सांगायला नको. फळं पिकली की तांबट आणि बुलबुल दिवसभर हलत नाहीत.

ऑफिसातल्या मंडळींच्या शंका रास्त होत्या आणि त्यांची उत्तरं द्यायलाच हवीत. डास होतील का? साचलेल्या पाण्यात होतात. चौकातलं पाणी दोन दिवसांत मुरेल असा उतार दिलाय आणि टाकीत गप्पी मासे सोडायचे आहेत. साप? नाल्याकाठी धामण असणारच. तिला दडायला जागा मिळते ती राडारोड्यात आणि रचून ठेवलेल्या फरशांत, म्हणून भिंतीलगत दीड मीटर पट्टा मोकळा आणि खडीचा. पाचोळा? पन्हळींवर जाळ्या बसवल्यात आणि पाचोळ्यासाठी मागे खताचा खड्डा आहे. एका ताईंनी विचारलं, उंबराची फळं गाड्यांवर पडून रंग जाईल त्याचं काय? त्याचं उत्तर म्हणून गाड्यांची जागा फाटकाजवळ हलवली. आता गाडी लावून साठ पावलं करंजाखालून चालत जावं लागेल.

झाड तोडायचं म्हटलं तर कायदाही आहे. १९७५च्या महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातल्या वृक्ष अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावावी लागतात. उंबर साठीच्या पुढचा असावा असं काका म्हणतात. त्यांच्या वडिलांनी बैल बांधलेले त्यांना आठवतात. एका उंबराऐवजी साठ रोपं हा हिशेब कागदावर जुळतो. पण ती रोपं बहुधा दुसऱ्याच कुठल्या जागी लागतील, आणि त्यातली जगली तितकी झाडं इथल्या साठ खुर्च्यांपैकी एकीलाही दिसणार नाहीत.

परवा खर्चाचा अंदाज काकांपुढे ठेवला. दर्शनी काच गेली, एसीची क्षमता निम्म्यावर आली, दगड जागेवरचाच; पडवी आणि लांबलेल्या भिंतींचा खर्च त्यातून बराचसा निघतो. शेवटी एक ओळ होती: माळ्याचा पगार, पहिली तीन वर्षं, इमारतीच्या खर्चातच धरलेला. काकांनी सगळ्या ओळी वाचल्या आणि त्या एका ओळीत तीनाचे पाच केले.